छोट्या बजेटच्या सेटवर कपडे आणि प्रॉप यांची कंटिन्युइटी एकट्याने कशी सांभाळायची?

तुम्ही विचारलंय: १२ दिवसांचं शूट आहे, ६४ सीन आहेत, पाच मुख्य पात्रं आहेत. नोंदी ठेवणारा वेगळा स्क्रिप्ट सुपरवायझर परवडत नाही, त्यामुळे कपडे, प्रॉप (सेटवरच्या आणि नटांच्या हातातल्या वस्तू) आणि कंटिन्युइटी (एका शॉटमधलं सगळं पुढच्या शॉटशी जुळतं ठेवणं) हे तिन्ही तुमच्या एकट्याच्या अंगावर आलंय. मोबाइलवर भरपूर फोटो काढत राहिलं की भागेल का?

नुसत्या फोटोंनी भागत नाही. हे मी एका दारापाशी शिकले, म्हणून आधी तेच सांगते.

या कामातलं माझं ते दुसरंच वर्ष होतं. नायिका बाहेरून येते, कुलूप उघडते आणि आत शिरते, एवढाच प्रसंग. दार एका ठिकाणी होतं आणि खोली दुसऱ्याच ठिकाणी, त्यामुळे बाहेरची बाजू चौथ्या दिवशी शूट झाली आणि आतली तेराव्या दिवशी. पहिल्या टेकच्या आधी मी तिचे सहा फोटो काढले होते: पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, चेहऱ्याजवळून आणि पायांचा. बॅग डाव्या खांद्यावर होती. तेराव्या दिवशी फोटो बघून तिला बॅग डाव्या खांद्यावर दिली आणि मी निर्धास्त झाले. एडिटला बसल्यावर कळलं की बाहेरच्या तिसऱ्या टेकला दिग्दर्शकाने तिला डाव्या हाताने कुलूप उघडायला सांगितलं होतं. त्यासाठी तिने बॅग उजव्या खांद्यावर घेतली होती, आणि ओके झालेला टेक तोच होता. माझा फोटो खरा होता, पण तो सिनेमात नसलेल्या टेकचा होता.

तेव्हापासून माझं सगळं काम एका वाक्यावर चालतं: वस्तूची अवस्था कथेच्या क्रमाने ठरवायची आणि शूटच्या क्रमाने नोंदवायची. ठरवायचं ते कागदावर, शूट सुरू होण्याआधी. नोंदवायचं ते सेटवर, टेक संपल्यावर. पहिलं काम झालेलं नसेल तर हजार फोटो असूनही तुम्हाला कळणार नाही की आज सीन ४१ साठी कुठला फोटो बघायचा.

तर पटकथा घ्या आणि ती एकदा फक्त वेळेसाठी वाचा. संवाद बाजूला ठेवा. प्रत्येक सीनला विचारा, कथेत हा कितवा दिवस आहे आणि मागच्या सीननंतर किती वेळ गेलाय? उत्तर समासात लिहा: दिवस १ सकाळ, दिवस १ रात्र, दिवस २ दुपार. पटकथेत 'काही दिवसांनी' असं लिहिलेलं असेल तर लेखकाकडून आकडा मागून घ्या. ते काही दिवस चार की चाळीस, यावर दाढी, जखम, बुटांची झीज, भिंतीवरचं कॅलेंडर, कुंडीतलं रोप असं सगळं अवलंबून असतं. लेखक एक आकडा सांगतो आणि दिग्दर्शक दुसरा, असं माझ्या बाबतीत बरेचदा झालंय. ते टेबलावर कळलेलं केव्हाही बरं.

मग प्रत्येक पात्राचे बदल मोजा. नवा पोशाख म्हणजे बदल हे उघडच आहे, पण तोच शर्ट भिजला, फाटला, त्यावर डाग पडला, बाही दुमडली, जॅकेट उतरलं, तरी तो बदलच. मी पोशाखाला आकडा देते आणि त्याच्या अवस्थेला अक्षर. म्हणजे 'नायिका ३' हा पोशाख, '३अ' कोरडा, '३ब' चिखलाचा, '३क' चिखल वाळल्यानंतरचा. हेच क्रमांक हँगरच्या चिठ्ठीवर, फोटोच्या नावात, तक्त्यात आणि बोलण्यातही वापरायचे. 'तो निळा शर्ट' असं म्हणायची सवय पहिल्या दिवसापासून मोडा. सेटवर निळे शर्ट तीन असतात आणि त्यातला एक कॅमेरा असिस्टंटच्या अंगात असतो.

तक्त्याचे रकाने असे ठेवा: सीन क्रमांक, कथेचा दिवस, पात्र, बदलाचा क्रमांक, हातातल्या आणि खिशातल्या वस्तू, आणि शेवटी दोन रकाने, 'सीनमध्ये येताना' आणि 'सीनमधून जाताना'. हे शेवटचे दोन रकाने पुष्कळ जण ठेवत नाहीत आणि सगळी गडबड तिथेच होते. सीन १२ मधून तो चष्मा खिशात घालून गेला असेल तर सलग पुढच्या सीन १३ मध्ये तो खिशात चष्मा घेऊनच यायला हवा, मग १३ आधी शूट झालेला असो की नंतर. तक्त्याच्या दोन प्रती करा. एक कथेच्या क्रमाने, एक शूटच्या क्रमाने. ६४ सीनना दोन संध्याकाळी लागतील. त्या काढाच.

तक्ता हातात आला की दिग्दर्शकाकडे जा, कारण बजेट इथे वाचतं. कथेतला एक दिवस कमी झाला तर पाच पात्रांचे पाच पोशाख कमी होतात, त्यांचे फोटो, धुणं आणि इस्त्रीही कमी होते. दोन सीन वेगळ्या दिवशी घडायलाच हवेत का, संध्याकाळचा सीन त्याच दिवशी दुपारी घडला तर कथेचं काही बिघडतं का, हे विचारा. दिग्दर्शक नाही म्हणाला तर तो शब्द अखेरचा. पण मी विचारलंय तेव्हा निम्म्या वेळा तरी उत्तर 'चालेल' असं आलंय. याच बैठकीत दाराच्या दोन्ही बाजूंसारखे प्रसंग शोधून काढा: गाडीत बसणं आणि उतरणं, जिना चढून वर येणं, खिडकीतून दिसणारा माणूस. एक क्षण दोन ठिकाणी आणि दोन तारखांना शूट होणार असेल तर तक्त्यात त्या दोन्ही ओळींना लाल खूण करा. खरा धोका या खुणांचाच आहे. बारा दिवसांच्या शूटमध्ये त्या दहा-पंधरा निघतील. बाकी कुठे थोडं ढिलं पडलं तरी चालेल, या जागी मात्र स्वतः उभं राहायचं.

आता कपड्यांची निवड. ज्या कपड्याला घालायच्या पाच पद्धती आहेत तो मुख्य पात्राच्या लांब सीनसाठी टाळा. ओढणी, स्कार्फ, अर्धवट उघडी चेन असलेलं जॅकेट, एकात एक अडकणाऱ्या माळा, सैल अंबाडा, हे सगळं प्रत्येक टेकला हलतं. दिग्दर्शकाला ओढणी हवीच असेल तर दोन जागी सेफ्टी पिनने टाचून टाका. पिन कुठे लावली त्याचा जवळून फोटो काढा. चेनवाल्या जॅकेटला आतल्या बाजूने एक टाका घातला की चेन त्याच उंचीवर थांबते. बारीक रेघांचे आणि बारीक चौकड्यांचे शर्ट डिजिटल कॅमेऱ्यावर लहरी दाखवतात, म्हणून कॅमेऱ्याची चाचणी घेतल्याशिवाय ते पक्के करू नका. गडद रंगावर घाम कमी दिसतो, फिक्या करड्यावर सर्वांत जास्त. आतून सुती बनियन दिला तर घामाचा डाग बाहेर यायला वेळ लागतो, आणि दोन टेकमध्ये काखेचा डाग मोठा झालाय ही भीती कमी होते.

कमी बजेटमध्ये नट स्वतःचे कपडे आणतात. त्यात गैर काही नाही, पण पहिल्या दिवशी आणलेला कपडा शूट संपेपर्यंत तुमच्या ताब्यात राहील हे आधीच, सगळ्यांसमोर आणि गोड शब्दांत सांगा. एका लघुपटात आमचा नट शूटच्या शर्टातच घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी तो शर्ट धुऊन, कडक इस्त्री करून घेऊन आला. त्याने ते आपुलकीने केलं होतं. पण आदल्या दिवशी त्याच शर्टात रात्रभर जागलेला माणूस अर्धा शूट झाला होता. तासभर आम्ही तो शर्ट चुरगाळत बसलो, आणि चुरगळलेल्या शर्टाच्या घड्या परत तशाच कधी पडत नाहीत. घड्याळ, अंगठी, चष्मा, बूट, पट्टा यांनाही हाच नियम. अंगठी काढायला नट तयार नसेल तर ती पात्राची अंगठी समजा, तक्त्यात लिहा आणि पहिल्या दिवसापासून सगळीकडे ठेवा.

धुण्याबद्दल थोडं. एकाच पोशाखात सहा दिवस शूट असेल तर तो रोज धुतल्याने रंग उतरत जातो, आणि सीनचा क्रम उलटा असल्यामुळे पडद्यावर तो मागेपुढे होत राहतो. म्हणून शक्य तितकं कमी धुवा. रात्री हवेशीर जागी आतली बाजू बाहेर करून टांगून ठेवा. वास घालवण्यासाठी पाणी मिसळलेली व्होडका आतून फवारण्याची नाटकवाल्यांची जुनी युक्ती चांगली चालते. ती वाळली की तिचा वास राहत नाही. मात्र कपड्याच्या आतल्या कोपऱ्यावर आधी करून बघा. एका पोशाखाच्या दोन प्रती असतील तर त्या एकाच वेळी, एकाच लॉटमधून घ्या, कारण लॉट बदलला की रंगाची छटा बदलू शकते. आणि दोन्ही प्रती बरोबरच धुवा, त्यातली एक वापरलीच नसली तरीही. नाहीतर दहाव्या दिवशी एक जुनी दिसते आणि दुसरी कोरी.

डाग, रक्त, चिखल आणि फाटणं यासाठी नियमाने तीन प्रती लागतात: स्वच्छ, खराब होताना, खराब झाल्यावर. बजेटमध्ये दोनच बसत असतील तर शूटचा क्रम त्या दोन प्रतींप्रमाणे लावून घ्या. स्वच्छ शर्टाचे सगळे सीन, कथेत ते कुठेही असोत, आधी शूट करायचे. खराब होण्याचा शॉट एकाच टेकमध्ये होईल असं धरू नका. एक प्रत पहिल्या टेकला आणि दुसरी राखीव. हे वेळापत्रक करणाऱ्या असिस्टंटला लेखी द्या, कारण त्याच्या डोक्यात लोकेशन आणि नटांच्या तारखा असतात, शर्ट नसतो. डाग कागदावर काढून ठेवा: शर्टाची बाह्यरेषा काढायची, त्यात डागाचा आकार, आणि दुसऱ्या बटणापासून किती सेंटिमीटरवर आहे ते लिहायचं. खोटं रक्त सगळ्या शूटसाठी एकदाच करा, बाटलीत भरा आणि प्रमाण लिहून ठेवा. साखरेच्या पाकावर केलेलं रक्त ओलं आणि चकचकीत राहतं. खरं रक्त मात्र वाळताना तपकिरी होत जातं. त्यामुळे कथेत चार तास गेले असतील तर तोच लाल रंग चालणार नाही, त्यात तपकिरी मिसळावा लागेल. मेकअपवाल्यांबरोबर जखमेचाही एक तक्ता करा. मुका मार आधी लालसर, एक-दोन दिवसांत निळा-जांभळा, आठवडाभरात हिरवट-पिवळा होतो आणि साधारण दोन आठवड्यांत विरतो. कथेच्या दिवसांचे आकडे लेखकाकडून का मागायचे, ते इथे कळतं.

भिजलेला कपडा वेगळाच छळतो. तो शॉट लावेपर्यंत वाळतो आणि वाळताना खालून नाही, खांद्यांवरून वाळत येतो. फवारणीची बाटली हातात ठेवा, आणि किती फवारे व कुठे तेही लिहा. घामासाठी पाण्यात ग्लिसरीन मिसळा, थेंब जागेवर टिकतात. धूळ हवी तर मुलतानी माती पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून कपड्यावर आपटा, पण मोकळ्या हवेत आणि नटाचं नाक-तोंड झाकून.

आता फोटो. तुमचा प्रश्न फोटोंचा होता आणि त्यांना कमी लेखायचं नाही. फक्त ते केव्हा काढायचे आणि कसे, हे ठरलेलं हवं. सीन सुरू होताना एक संच, आणि प्रत्येक सेटअपचा (म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रत्येक नव्या मांडणीचा) ओके टेक झाल्यावर, नट जागेवरून हलायच्या आत, दुसरा संच. दिग्दर्शक 'ओके' म्हणाला की युनिट लगेच मोडायला लागतं. लाइट सरकतात, नट बाही खाली करतो, पाणी मागतो. असिस्टंट डायरेक्टरशी आधीच ठरवून घ्या की 'ओके' नंतर मला दहा सेकंद हवेत. पहिल्या दिवशी हे मागायला संकोच वाटतो. तिसऱ्या दिवशी युनिट स्वतःहून थांबतं.

फोटोत आधी सीन क्रमांक आणि बदलाचा क्रमांक लिहिलेला कागद धरलेला हवा. मग पूर्ण उभा माणूस पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी. मग जवळून: कॉलर, उघडी बटणं, बाहीच्या घड्या, कुठल्या मनगटावर घड्याळ, कुठल्या बोटात अंगठी, बॅगेचा पट्टा, बुटाच्या नाड्या, केसांची बट कानाच्या पुढे की मागे. पुढचा, म्हणजे सेल्फीचा कॅमेरा कधीही वापरू नका. बऱ्याच फोनमध्ये तो आरशासारखं उलटं चित्र साठवतो, आणि डावं-उजवं उलटलं तर फोटो नसलेला परवडला. मागची पार्श्वभूमी धूसर करणारा मोड बंद, चेहरा सुंदर करणारे फिल्टर बंद. रंगासाठी फोनवर विसंबू नका. तो प्रत्येक प्रकाशात रंग आपल्या मनाने बदलतो. रंग ठरवायचा तो कपडा शेजारी धरून. आणि फोटो मेसेजिंग ॲपवरून पाठवून तिथेच ठेवायची सवय घातक आहे. तिथे फोटो दाबले जातात, बारकावे जातात, आणि दोन दिवसांनी ते शुभेच्छांच्या खाली गाडले जातात. फोल्डर पात्राप्रमाणे, त्यात बदलाच्या क्रमांकाप्रमाणे. रोज रात्री दुसऱ्या एका ठिकाणी प्रत.

फोटोत हालचाल मावत नाही, त्यासाठी पटकथेची छापील प्रत आणि पेन्सिल. तिने कप कुठल्या शब्दावर उचलला, कुठल्या हाताने, कुठल्या शब्दावर ठेवला, हे त्या शब्दाखाली खूण करून लिहायचं. कप उचलला की वर बाण, ठेवला की खाली बाण, शेजारी 'डा' किंवा 'उ'. मास्टर शॉट, म्हणजे सगळा सीन दुरून सलग घेतलेला शॉट, चालू असताना हे लिहून झालं पाहिजे, कारण क्लोजअपमध्ये नटाला तेच परत करायचं असतं. प्रत्येक टेकच्या नोंदीपुढे ओके टेकचा क्रमांक गोल करून ठेवा. जुळवायचं असतं त्या गोलाशी, पहिल्या टेकशी नाही आणि नटाच्या आठवणीशीही नाही. नट प्रामाणिकपणे सांगतो 'मी उजव्याच हाताने घेतला होता', आणि त्याच्या मनात ती तालीम असते.

प्रॉपमध्ये दोन जाती असतात. एक जागेवर राहणाऱ्या, एक कमी होत जाणाऱ्या. जागेवर राहणाऱ्यांसाठी चिकटपट्टी पुरते. टेबलाच्या पायांपाशी, खुर्चीच्या मागच्या पायांपाशी जमिनीवर खुणा करा, प्रत्येक सीनला वेगळा रंग. टेबलावरच्या वस्तूंचा फोटो वरून सरळ खाली बघत काढा, आणि शिवाय कॅमेऱ्याच्या जागेवरूनही. अर्धा शूट झालेल्या सेटला 'हॉट सेट' म्हणतात. तिथे 'हात लावू नका' असा मोठा कागद दारावर आणि टेबलावरही लावा. सेटवरच्या खुर्चीवर बसायला माणसाला कागद अडवत नाही, म्हणून दोन साध्या खुर्च्या बाहेर ठेवा. हा उपाय कागदापेक्षा जास्त चालतो.

कमी होत जाणाऱ्या वस्तूंनी माझे सर्वांत जास्त तास खाल्ले आहेत. ग्लासातलं पाणी, जळणारी मेणबत्ती, वितळणारा बर्फ, ताटातलं जेवण, उमललेली फुलं. ग्लासाला कॅमेऱ्याच्या विरुद्ध बाजूला चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावा आणि प्रत्येक टेकआधी तिथपर्यंत भरा. मेणबत्त्या एकाच जाडीच्या बऱ्याच घ्या आणि तीन लांबींच्या गटांत कापून ठेवा: सीनची सुरुवात, मध्य, शेवट. बर्फासाठी पारदर्शक ॲक्रिलिकचे खडे मिळतात. पण नट ते पिणार असेल तर नकोत. जेवणाच्या सीनमध्ये दिग्दर्शकाशी आधीच बोला की मास्टरमध्ये नट जितके घास खाईल तितकेच त्याला प्रत्येक अँगलला, प्रत्येक टेकला खावे लागतील. अनुभवी नट म्हणूनच ताटात हात फिरवत राहतात आणि घास मोजून दोन घेतात. नवा नट पहिल्या टेकला मनापासून जेवतो आणि दहाव्या टेकला त्याला घास गिळवत नाही. हे त्याला आधी सांगणं आपलं काम आहे.

घड्याळ चौकटीत नसलेलंच उत्तम. असायलाच हवं असेल तर सेल काढा आणि काटे हाताने लावा. एडिटमध्ये सीनचा क्रम बदलला तर भिंतीवरचं घड्याळ एडिटरचे हात बांधतं, आणि तेच फोनच्या पडद्यावरच्या वेळेचं. फोन प्रॉप म्हणून वापरताना तो एअरप्लेन मोडवर ठेवा, वॉलपेपर पात्राप्रमाणे ठरवा, आणि शॉटमध्ये पडदा दिसणार असेल तर खऱ्या पडद्याऐवजी आधी तयार केलेलं चित्र उघडून ठेवा. बॅटरीचा आकडाही त्या चित्रातलाच राहतो.

ज्या वस्तूवर कथा उभी आहे, पत्र, अंगठी, डायरी, किल्ली, ती एकाच माणसाच्या ताब्यात. तो माणूस तुम्ही. 'कट' झाल्यावर ती नटाच्या हातातून तुमच्या हातात आणि तिथून झिपच्या पिशवीत, दुसरीकडे कुठेही नाही. पत्र असेल तर त्याच अक्षरात, त्याच कागदावर पाच-सहा प्रती, आणि घड्या सगळ्यांना सारख्या घातलेल्या. घडी घातलेलं पत्र आणि कोरं पत्र क्लोजअपमध्ये लगेच ओळखू येतं.

एवढं सगळं एकट्याने धरून ठेवताना एक प्रश्न सतत येतो: कशासाठी शॉट थांबवायचा आणि काय सोडून द्यायचं? १९९७ मध्ये डॅनियल लेव्हिन आणि डॅनियल सायमन्स या मानसशास्त्रज्ञांनी दोन स्त्रियांच्या गप्पांची छोटी फिल्म बनवली. तिच्यात कटगणिक मुद्दाम चुका पेरल्या होत्या: गळ्यातला स्कार्फ नाहीसा होतो, ताटल्यांचा रंग बदलतो. बघणाऱ्या बहुतेकांच्या ते ध्यानातच आलं नाही. वॉल्टर मर्च या अमेरिकन एडिटरने कट कुठे मारायचा त्याचे सहा निकष टक्क्यांत मांडले आहेत: भावना ५१, कथा २३, लय १०, प्रेक्षकाची नजर कुठे आहे ते ७, पडद्यावरची द्विमितीय रचना ५, आणि प्रत्यक्ष जागेतली सलगता ४. आपण ज्या गोष्टी जुळवत असतो त्यांतल्या पुष्कळशा या शेवटच्या चार टक्क्यांत येतात.

मग एवढा आटापिटा कशाला, असं वाटेल. मी याच्याकडे असं बघते. चांगला एडिटर भावनेसाठी चूक पोटात घालतो, पण ज्या दोन टेकमध्ये भावना सारखीच उत्तम आहे तिथे आपली चूक त्याचा एक पर्याय काढून घेते. आपलं काम त्याचे सगळे पर्याय उघडे ठेवण्याचं आहे. आणि प्रेक्षकाला चूक तिथेच दिसते जिथे तो आधीपासून बघत असतो. म्हणून माझा क्रम असा: चेहऱ्याजवळचं सगळं आधी, म्हणजे केस, चष्मा, कॉलर, कानातलं. मग हात आणि हातातली वस्तू. मग कथा ज्या वस्तूबद्दल बोलतेय ती, कुठेही असो. मागच्या शेल्फवरची पुस्तकं शेवटी, आणि ती फोकसबाहेर असतील तर जाऊ द्या. नटाचा टेक मनासारखा रंगलेला असताना बाहीच्या घडीसाठी मी कधीही थांबवत नाही. टेक संपल्यावर दिग्दर्शकाच्या कानाशी जाऊन सांगते: 'घडी बदलली आहे, पण क्लोजअपमध्ये दिसत नाही, ठेवायचा का?' निर्णय त्याचा. नटाशी थेट बोलायची मुभा त्याच्याकडून पहिल्याच दिवशी घ्या, आणि नटाला सांगताना चूक सांगू नका, कृती सांगा. 'तुम्ही चुकलात' याऐवजी 'कप डाव्या हाताने, "उद्या" या शब्दावर'. इतकंच, आणि हळू आवाजात.

चूक सापडली की त्याच क्षणी सांगा, आणि शक्यतो उपायासकट. उपाय बहुधा स्वस्त असतात. चौकट घट्ट करून खांदा बाहेर काढता येतो. मधे घालायला एखादा हाताचा किंवा खिडकीचा शॉट घेता येतो. माझा आवडता उपाय म्हणजे बदल पडद्यावरच घडवणं: मास्टरमध्ये बाही वर आहे आणि क्लोजअपमध्ये खाली राहिली, तर पुढच्या शॉटमध्ये नटाला बोलता बोलता बाही दुमडायला सांगा. एडिटरला जोड मिळतो, आणि कधी कधी नटाला हाताला काम मिळाल्याने शॉट आणखी बरा होतो.

पॅकअपनंतरचा अर्धा तास तुमचा स्वतःचा ठेवा, कितीही दमलात तरी. फोटो नावं देऊन लावायचे, तक्त्यातला 'जाताना'चा रकाना प्रत्यक्ष जे झालं त्याप्रमाणे दुरुस्त करायचा, आणि उद्याच्या पहिल्या सीनचा पोशाख आणि प्रॉप एका पिशवीत भरून वर चिठ्ठी लावायची. सेटवर सीन बदललेले असतात, नवा सीन '२७अ' घुसलेला असतो. त्याला कथेचा दिवस त्याच रात्री द्या. जवळच्या पेटीत सुई-दोरा, जादा बटणं, सेफ्टी पिना, दुतर्फी टेप, मार्कर, ओले टिश्यू, वाफेची इस्त्री आणि फोनसाठी पॉवर बँक एवढं असलं की पुष्कळ झालं.

आता दाराकडे परत येते. बॅगेची चूक कळल्यावर आम्ही आतल्या बाजूचा एकच शॉट परत घ्यायचं ठरवलं. खोली मिळाली, नायिका आली, पण बॅग नव्हती. ती एका मैत्रिणीची होती आणि शूट संपलं त्याच संध्याकाळी मी ती परत करून टाकली होती. मैत्रिणीने आनंदाने पुन्हा दिली, पण मधल्या काळात तिने तुटायला आलेला पट्टा शिवून घेतला होता, पांढऱ्या दोऱ्याने. आम्ही तो टाका मार्करने काळा केला आणि शॉट घेतला. म्हणून शेवटच्या दिवशी पॅकअप झालं तरी काहीही परत करू नका, धुऊ नका, वाटू नका. सगळे पोशाख आहेत त्या अवस्थेत, डागांसकट, पूर्ण वाळवून, क्रमांकाच्या चिठ्ठीसह पिशव्यांत भरा. उसन्या वस्तू देणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की परत मिळायला काही महिने लागतील. एडिट लॉक झालं, म्हणजे आता त्यात बदल होणार नाही, असं दिग्दर्शकाने तुम्हाला स्वतः सांगितलं की मग पिशव्या उघडा.